सैनिकी डाकोटांचा नागरी संसार

महायुद्ध संपलें म्हणजे सैनिक घरोघर परततात आणि छावण्या उठतात. परंतु ज्या शस्त्रसामग्रीसाठीं राष्ट्रांनीं आपल्या तिजोऱ्या रित्या केलेल्या असतात, तिचें पुढें करावयाचें काय, हा प्रश्न मागें राहतो. कांबळीं, तंबू आणि मोटारलॉऱ्या बाजारांत सहज खपतात. तोफा वितळविल्या कीं त्यांचें पुन्हां पोलाद होतें. विमानाची गोष्ट याहून अवघड आहे. तें नुसतें ठेवून दिलें तर उन्हापावसानें निकामी होतें. चालू ठेवावें तर कुशल कारागीर, वैमानिक, सुटे भाग आणि पेट्रोल यांचा खर्च त्याच्या पाठीशीं सदैव उभा करावा लागतो. दुसरें महायुद्ध १९४५ सालीं संपलें त्या वेळीं एकट्या अमेरिकेनें युद्धकाळांत सुमारें ३,००,००० विमानें बांधिलीं होतीं. त्यांतील जीं शिल्लक राहिलीं त्यांना शांततेच्या जगांत कोठें जागा मिळाली, आणि त्यांपैकीं एका जातीच्या विमानानें हिंदुस्थानच्या स्वातंत्र्याच्या पहिल्या वर्षांत कोणतें कार्य केलें, याचा हा वृत्तांत आहे.

अमेरिकेंत या शिलकी विमानांसाठीं विस्तीर्ण मैदानें राखून ठेवावीं लागलीं. ॲरिझोना संस्थानांतील किंगमन येथें सुमारें ५,५०० विमानें कोरड्या वाळवंटांत रांगांनीं उभीं करण्यांत आलीं होतीं. जर्मनीवर व जपानवर बॉम्बवर्षाव करून आलेलीं, आणि कांहीं तर कारखान्यांतून थेट तेथेंच आणलेलीं हीं विमानें कापून भट्टींत घालण्यांत आलीं, व त्यांच्या ॲल्युमिनियमच्या लाद्या पाडण्यांत आल्या. पॉल मँट्झ नांवाच्या, चित्रपटांत उड्डाणें करणाऱ्या वैमानिकानें १९४६ सालीं ओक्लाहोमांतील ४७५ विमानांचा एक संपूर्ण तळच सुमारें ५५,००० डॉलरांना विकत घेतला. थोडीं विमानें चित्रपटांकरितां राखलीं आणि बाकीचीं मोडींत काढलीं. युरोपांतील मोहिमांमुळें ज्याचें नांव अमेरिकेंत घरोघर झालें होतें तें ‘मेम्फिस बेल’ नांवाचें बॉम्बफेकी विमान मेम्फिस शहरानें त्याच वर्षीं अवघ्या ३५० डॉलरांना सोडवून आणलें. शिक्षणासाठीं वापरलेल्या लहान विमानांचें दैव त्या मानानें बरें होतें. स्टिअरमन जातीचीं दुपंखी विमानें शेतकऱ्यांनीं हजारोंनीं घेतलीं आणि पुढील आसनाच्या जागीं टाकी बसवून पिकांवर औषध फवारण्याच्या कामीं लाविलीं.

बॉम्बफेकी विमानांना नागरी जीवनांत जागा मिळूं नये यांत नवल नव्हतें. त्यांचें पोट अरुंद, दारें अडचणीचीं आणि पेट्रोलची भूक अफाट. इंग्लंडांत तो प्रयत्न झाला. लँकॅस्टर या बॉम्बफेक्या विमानाचें ‘लँकॅस्ट्रियन’ नांवाचें उतारू-विमान बनविण्यांत आलें, आणि हॅलिफॅक्सचें ‘हॉल्टन’ झालें. लंडनहून ऑस्ट्रेलियापर्यंतचा लांबचा पल्ला लँकॅस्ट्रियन विमानें झपाट्यानें गाठीत. परंतु चार इंजिनांचें तें अवजड धूड अवघ्या नऊ ते तेरा उतारूंना घेऊन जाई. अशा हिशेबानें व्यापार चालत नाहीं. म्हणून जें विमान मुळांत उतारूंसाठींच कल्पिलेलें होतें आणि युद्धानें ज्यास केवळ सैनिकी वेष चढविला होता, त्याचेंच नशीब उघडलें. तें विमान म्हणजे डाकोटा.

डाकोटाचा जन्म शांततेच्या काळांतला. कॅलिफोर्नियांतील डग्लस कंपनीनें ‘डीसी-३’ या नांवाचें हें विमान १७ डिसेंबर १९३५ रोजीं प्रथम आकाशांत सोडलें. दोन इंजिनें, ९५ फूट रुंदीचे पंख, २१ उतारूंची सोय, आणि केवळ उतारूंच्या भाड्यावर, टपालाच्या सरकारी साहाय्याविना, नफा मिळवून देण्याची शक्ति, हे त्याचे गुण लौकरच सिद्ध झाले. युद्ध सुरू झाल्यावर सैन्यानें त्यास हातीं धरलें. जमीन मजबूत करण्यांत आली, बाजूस मालासाठीं रुंद दार पाडण्यांत आलें, गाद्यांच्या आसनांच्या जागीं दोन्ही भिंतींलगत धातूचीं बांकें आलीं. नागरी डीसी-३ विमानें सुमारें ६०० बांधलीं गेलीं. त्याचीं सैनिकी भावंडें १०,००० च्या आसपास बाहेर पडलीं. अमेरिकन सैन्य त्यास ‘सी-४७’ म्हणे. इंग्रजांनीं त्यास ‘डाकोटा’ म्हटलें, आणि हिंदुस्थानांत हेंच नांव रूढ झालें. शेंपटाखालीं लहानसें चाक, नाक वर करून बसण्याची ढब आणि खडबडीत मैदानावरही उतरण्याची तयारी, यांमुळें तें सैनिकांच्या विशेष ममत्वाचें झालें होतें. सेनापति आयझेनहॉवर यांनीं युद्ध जिंकून देणाऱ्या साधनांत बुलडोझर, जीप आणि अडीच-टनी ट्रक यांच्या पंक्तीस या विमानास बसविलें आहे.

हिंदुस्थानांत हीं विमानें आलीं तीं ब्रह्मदेशाच्या पाडावामुळें. १९४२ सालीं जपान्यांनीं ब्रह्मदेशाचा रस्ता तोडल्यावर चीनला रसद पोंचविण्याचा मार्ग उरला तो आसामांतून हिमालयाच्या पूर्व रांगा ओलांडून कुनमिंगकडे जाणारा आकाशमार्ग. वैमानिक त्यास ‘हंप’ म्हणजे वशिंड म्हणत. युद्ध संपेपर्यंत या मार्गानें सुमारें ६,५०,००० टन माल वाहून नेण्यांत आला, आणि शेंकडों विमानें त्या डोंगरांत नाहींशीं झालीं. या प्रचंड खटाटोपानें देशाच्या पदरांत तीन गोष्टी पडल्या. पहिली, स्वतः विमानें. दुसरी, बंगाल-आसामपासून नागपूरच्या सोनेगांवपर्यंत आणि मुंबईच्या सांताक्रूझपर्यंत युद्धकाळांत बांधलेल्या वा वाढविलेल्या पक्क्या धांवपट्ट्या. आणि तिसरी, जिचा उल्लेख क्वचितच होतो ती, म्हणजे विमानें उघडून पुन्हां जोडणारे हिंदी हात.

या तिसऱ्या गोष्टीचें श्रेय बऱ्याच अंशीं सोलापुरांत जन्मलेल्या वालचंद हिराचंद यांच्या धाडसास आहे. डिसेंबर १९४० मध्यें त्यांनीं म्हैसूर सरकारच्या साह्यानें बंगलोरास ‘हिंदुस्थान एअरक्राफ्ट’ हा कारखाना स्थापिला. हिंदुस्थानांत विमानें बांधण्याची त्यांची उमेद होती. परंतु युद्धाच्या रेट्यांत प्रथम सरकारनें कारखान्याची सूत्रें हातीं घेतलीं, आणि १९४३ सालीं अमेरिकन वायुदळानें तेथें आपला दुरुस्तीचा तळ केला. विमानें बांधण्याचें स्वप्न त्यामुळें मागें पडलें. पण हजारों हिंदी कामगारांना इंजिनें उकलण्याचें, पत्रे रिवटानें जोडण्याचें आणि काटेकोर तपासणीचें शिक्षण मिळालें. युद्ध संपून अमेरिकन परतले तेव्हां याच कामगारांपुढें सैनिकी डाकोटांना नागरी रूप देण्याचें काम येऊन पडलें.

तें काम वरवर रंग देण्याचें नव्हतें. प्रथम विमान अंतर्बाह्य मोकळें केलें जाई. धातूचीं बांकें काढीत. सैन्यानें बसविलेलीं बिनतारी यंत्रें उतरवीत. गंजलेला पत्रा बदलीत. इंजिनांचे किती तास भरले आहेत हें पाहून तीं उकलीत व नव्यानें बांधीत. मग आंतून अस्तर लावून आवाज कमी करीत, उतारूंसाठीं आसनें आणि सामानासाठीं कप्पे बसवीत, आणि सरकारी तपासनिसाकडून उड्डाणयोग्यतेचा दाखला मिळाला म्हणजे पंखावर ‘व्हीटी’ या अक्षरांनीं सुरू होणारी हिंदी खूण रंगवीत. हिरव्या मळकट रंगाचें, छत्रीधारी सैनिकांना रणांगणावर सोडणारें विमान अशा रीतीनें चांदीसारखें चकचकीत होऊन व्यापाऱ्यांच्या आणि वकिलांच्या सेवेस सादर होई.

या शिलकी मालाचा बाजार किती तेजींत होता याची साक्ष न्यायालयाच्या दप्तरांतही सांपडते. बंगालमध्यें पानागढ येथें विमानांची मोड मोठ्या प्रमाणांत पडून होती. टाटा एअरक्राफ्ट कंपनीनें ती विकावयास काढली, आणि नोव्हेंबर १९४६ मध्यें एका कापड-गिरणीनें १०,००,००० रुपयांचा सौदा करून २,५०,००० रुपये इसारा भरला. पुढील हप्ते आले नाहींत; विक्रेत्यानें सौदा मोडून इसारा जप्त केला. त्यावरून उद्भवलेला तंटा सर्वोच्च न्यायालयापर्यंत जाऊन १९६९ सालीं मिटला. खरेदीदाराच्या दोषानें व्यवहार फिसकटला तर इसारा बुडतो, हा त्या निकालाचा इत्यर्थ, आणि कायद्याचे विद्यार्थी करारांच्या प्रकरणांत तो अभ्यासतात. पानागढची ती मोड केव्हांच वितळून गेली. तिच्यावरून झालेला निवाडा मात्र टिकला.

उडूं शकणाऱ्या विमानांभोंवतीं तर कंपन्यांचें पेंवच फुटलें. युद्धापूर्वीं हिंदुस्थानांत विमान-वाहतुकीचा संसार आटोपशीर होता. जे. आर. डी. टाटा यांनीं १५ ऑक्टोबर १९३२ रोजीं कराचीहून मुंबईस टपाल आणून जी सेवा सुरू केली होती, तिचें २९ जुलै १९४६ रोजीं ‘एअर-इंडिया’ या सार्वजनिक कंपनींत रूपांतर झालें, आणि तिच्या ताफ्यांत डाकोटा दाखल झाले. तोंवर लहान विमानांतून दोन-चार उतारू नेणाऱ्या या धंद्यास एकदम वीस-वीस उतारूंचीं विमानें हातास आलीं. युद्धांतून सुटलेले वैमानिक नोकरीच्या शोधांत होते. भांडवलदारांजवळ युद्धांत सांठलेला पैसा होता. आणि नव्या विमानाच्या मानानें शिलकी डाकोटाची किंमत क्षुल्लक होती. दिल्लीची इंडियन नॅशनल, मुंबईची एअर सर्व्हिसेस ऑफ इंडिया आणि अंबिका, हैदराबादची डेक्कन एअरवेज, कलकत्त्याच्या भारत एअरवेज व एअरवेज इंडिया, ओरिसाच्या बिजू पटनाईक यांची कलिंग, शिवाय हिमालयन, ज्युपिटर, दालमिया-जैन, इंडियन ओव्हरसीज अशीं नांवें एकामागून एक पुढें आलीं. कलकत्त्याची ओरिएंट एअरवेज फाळणीच्या वेळीं पाकिस्तानांत गेली. परवाने देण्यासाठीं १९४६ सालीं एक मंडळ नेमण्यांत आलें. त्यानें ते सढळ हातानें वांटले. या सढळपणाचे परिणाम पुढें दिसावयाचे होते.

तत्पूर्वीं मात्र १९४७ सालानें या विमानांची अशी परीक्षा घेतली कीं जी कोणत्याहि कंपनीच्या नफ्यातोट्याच्या पत्रकांत मांडतां येणार नाहीं. फाळणीच्या दंगलींत आगगाड्या अडविल्या जात होत्या, रस्ते रक्तानें माखले होते. त्या वेळीं लाहोर, रावळपिंडी, कराची आणि दिल्ली यांच्या दरम्यान विमान-कंपन्यांच्या डाकोटांनीं निर्वासितांची ने-आण केली. एकवीस आसनांचें विमान म्हणून आंखलेल्या जागेंत किती जीव बसले याचा हिशेब ठेवण्याची ती वेळ नव्हती. सैनिकी काळांतलें तें मजबूत जमिनीचें, जादा भार सोसणारें शरीर या प्रसंगीं उपयोगी पडलें.

ऑक्टोबर महिन्यांत काश्मीरवर टोळ्यांची धाड आली. त्या संस्थानचें सामीलीकरण झाल्यावर २७ ऑक्टोबर १९४७ रोजीं पहांटे पहिल्या शीख पलटणीच्या तुकड्या लेफ्टनंट कर्नल दिवाण रणजित राय यांच्या नेतृत्वाखालीं दिल्लीहून श्रीनगरास निघाल्या. जम्मूकडून जाणारा रस्ता खडतर आणि लांबचा होता. शत्रु बारामुल्लापर्यंत येऊन ठेपला होता. वायुदळाच्या बाराव्या पथकाजवळ डाकोटा होते, पण संख्येनें पुरेसे नव्हते. सरकारनें खासगी कंपन्यांचीं विमानें मागून घेतलीं. काल ज्यांत गृहस्थ मंडळी सहलीस जात होती त्यांतील आसनें काढून सैनिक आणि दारूगोळा भरण्यांत आला, आणि नागरी वैमानिक, शत्रु विमानतळावर पोंचला आहे कीं नाहीं हें ठाऊक नसतां, त्या कच्च्या मैदानावर उतरले. कर्नल राय त्याच दिवशीं धारातीर्थीं पडले. पण श्रीनगरचा विमानतळ हातचा गेला नाहीं. विमानांनीं एक दिवस उशीर केला असता तर खोऱ्याचें भवितव्य कोणतें झालें असतें, हें सांगावयास नको.

पुढील वर्षीं, २४ मे १९४८ रोजीं, एअर कमोडोर मेहरसिंग यांनीं जनरल थिमय्या यांना बरोबर घेऊन लेह येथें डाकोटा उतरविला. लेहचें मैदान समुद्रसपाटीपासून सुमारें १०,५०० फूट उंचीवर आहे; आंत हवेचा दाब राखण्याची सोय नसलेल्या त्या विमानास त्याहून कितीतरी उंच शिखरें ओलांडून जावें लागलें, आणि मार्गाचे विश्वसनीय नकाशेही हातीं नव्हते. लडाखी लोकांनीं श्रम करून तयार केलेल्या त्या वाळूच्या पट्टीवर विमान सुखरूप उतरलें, आणि लडाखच्या रक्षणाचा मार्ग मोकळा झाला.

पूर्वेकडे निराळीच अडचण होती. फाळणीच्या रेषेनें आसामचा रेल्वेमार्ग पाकिस्तानच्या हद्दींत टाकला. जानेवारी १९५० मध्यें नवा लोहमार्ग सुरू होईपर्यंत आसाम आणि त्रिपुरा यांचा उर्वरित देशाशीं सरळ संबंध मुख्यतः विमानांनींच राखला. कलकत्त्याहून मीठ, कापड, औषधें जात. परत येतांना चहाच्या पेट्या येत. पांच वर्षांपूर्वीं याच आकाशांतून याच जातीच्या विमानांनीं चीनच्या सैन्यास पेट्रोल पोंचविलें होतें. वैमानिकांपैकींही कित्येक तेच होते.

या विमानांचें कार्य हिंदुस्थानच्या सीमेपुरतें राहिलें नाहीं. जुलै १९४७ मध्यें डच सैन्यानें इंडोनेशियाच्या प्रजासत्ताकावर हल्ला चढविला त्या वेळीं पंडित जवाहरलाल नेहरूंच्या इच्छेस मान देऊन बिजू पटनाईक यांनीं स्वतःचा डाकोटा जावा बेटांत नेला, आणि तेथील पुढारी सुतान शारिर यांना डचांच्या वेढ्यांतून बाहेर काढून हिंदुस्थानांत आणलें. त्यांच्याच मालकीचा दुसरा एक डाकोटा औषधें घेऊन जात असतां २९ जुलै १९४७ रोजीं जोगजाकर्ताजवळ डच लढाऊ विमानांनीं पाडला. आंतील एकच मनुष्य वांचला. इंडोनेशियाचें वायुदळ हा दिवस अद्याप स्मृतिदिन म्हणून पाळतें. पुढें १९४८ सालीं सुमात्राच्या उत्तर टोंकाच्या आचे प्रांतांतील लोकांनीं २० किलो सोनें वर्गणीनें गोळा करून आपल्या प्रजासत्ताकास एक डाकोटा घेऊन दिला. त्याचें नांव ‘सेउलावाह’. तें विमान डिसेंबरांत दुरुस्तीसाठीं कलकत्त्यास आलें असतां डचांनीं पुन्हां हल्ला केला आणि त्यास परत जाण्यास मायदेश उरला नाहीं. तेव्हां तें ब्रह्मदेशांत नेऊन २६ जानेवारी १९४९ पासून भाड्यानें चालविण्यांत आलें, आणि परागंदा सरकारच्या कार्यास त्या मिळकतीचा हातभार लागला. बायकांच्या अंगावरील दागिन्यांतून उभें राहिलेलें हें विमान इंडोनेशियाच्या नागरी वाहतुकीचा आरंभ समजलें जातें.

शिलकी विमानें सगळींच सत्कार्यास लागलीं असें मात्र नाहीं. ज्यास धनी नसतो त्या हत्यारास कोणीहि धनी मिळतो. १९४८ च्या उन्हाळ्यांत आणि पावसाळ्यांत निजामाच्या हैदराबाद संस्थानाकडे कराचीहून रात्रीं-अपरात्रीं विमानें येऊं लागलीं. सिडनी कॉटन या ऑस्ट्रेलियन वैमानिकानें बॉम्बफेक्यांचें नागरी रूपांतर असलेलीं तीं लँकॅस्ट्रियन विमानें मिळविलीं होतीं, आणि त्यांतून निजामाच्या सैन्यासाठीं शस्त्रें येत होतीं. उतारूंसाठीं दिलेलें नागरी रूप पुन्हां युद्धाच्या कामीं लागलें. मराठवाड्यांतील गांवें त्या काळांत रझाकारांच्या दहशतीखालीं होतीं. आकाशांत घरघर ऐकूं आली कीं ती कशाची, हें लोकांना कळत असे. सप्टेंबर १९४८ च्या पोलीस कारवाईनें हा व्यापार संपला. लंडनच्या न्यायालयानें पुढें कॉटन यांस केवळ दंडावर सोडलें.

शांततेच्या कामांत या विमानांचें सर्वांत नियमित आणि सर्वांत कमी गाजलेलें काम म्हणजे रात्रीचें टपाल. ३० जानेवारी १९४९ रोजीं दळणवळण-मंत्री रफी अहमद किडवाई यांच्या आग्रहानें ही योजना सुरू झाली. मुंबई, कलकत्ता, दिल्ली आणि मद्रास या चार शहरांचें टपाल रात्रीं विमानांनीं नागपुरास येई. मध्यरात्रीनंतर सोनेगांवच्या तळावर थैल्यांची अदलाबदल होई. आणि उजाडण्याच्या सुमारास प्रत्येक शहरांत इतर तिन्ही शहरांचीं पत्रें पोंचत. त्या वर्षीं १ एप्रिलपासून देशांतील पत्रें जादा आकार न घेतां विमानानें नेण्यास सुरुवात झाली. मुंबईच्या व्यापाऱ्यानें संध्याकाळीं टाकलेलें पत्र दुसऱ्या दिवशीं कलकत्त्याच्या पेढीवर पडूं लागलें. देशाच्या मध्यभागीं असणें हें नागपूरकरांच्या अभिमानाचें कारण पूर्वीं भूगोलापुरतें होतें. आतां दररोज रात्रीं चार दिशांचे दिवे त्यांच्या आकाशांत एकत्र येऊं लागले.

या योजनेस जाणत्यांचा विरोधही होता. जे. आर. डी. टाटा यांचें म्हणणें असें कीं, रात्रीं उतरण्याचीं साधनें, बिनतारी मार्गदर्शन आणि हवामानाची माहिती यांची पुरेशी तयारी नसतां ही घाई धोक्याची आहे. सेवा प्रथम इंडियन ओव्हरसीज या कंपनीनें चालविली आणि पुढें ती हिमालयन एव्हिएशनकडे गेली. योजना लोकप्रिय झाली यांत शंका नाहीं. परंतु विरोधकांचें भयही अगदींच निराधार नव्हतें. १२ डिसेंबर १९५३ च्या रात्रीं नागपुराहून उडालेला एक डाकोटा लगेच कोसळला आणि १३ माणसें मृत्युमुखीं पडलीं. त्यापूर्वीं २७ डिसेंबर १९४७ रोजीं कराचीहून मुंबईस निघालेला एअर-इंडियाचा डाकोटा कोरंगीच्या खाडीनजीक पडून आंतील सर्व २३ जण दगावले होते. विमान स्वस्त मिळालें म्हणून रात्र सुरक्षित होत नसते. तिला दिवे लागतात, यंत्रें लागतात, विश्रांति घेतलेला वैमानिक लागतो, आणि या कोणत्याहि गोष्टी युद्धाच्या शिलकींतून फुकट येत नाहींत.

येथेंच या सर्व कथेचें मर्म आहे. डाकोटाची खरेदी स्वस्त होती, पण त्याचा रोजचा खर्च स्वस्त नव्हता. पेट्रोलचा दर नव्या आणि जुन्या विमानास सारखाच. इंजिनाचे सुटे भाग अमेरिकेहून आणावयाचे, आणि डॉलरांची टंचाई. जकातींत सूट देऊन सरकारनें पेट्रोलचा भार थोडा हलका केला. परंतु एकाच मार्गावर अनेक कंपन्यांचीं अर्धीं रिकामीं विमानें उडत असतां तेवढ्यानें भागण्यासारखें नव्हतें. धंद्यांत शिरण्याचें मोल इतकें कमी होतें कीं, धंदा चालविण्याचें मोल किती आहे हें पुष्कळांनीं पाहिलेंच नाहीं. अंबिका, ज्युपिटर, दालमिया-जैन, इंडियन ओव्हरसीज अशा कंपन्या थोड्याच वर्षांत बंद पडल्या, आणि त्यांच्या भागीदारांचा पैसा बुडाला.

सरकारनें मुंबई हायकोर्टाचे न्यायमूर्ति राजाध्यक्ष यांच्या अध्यक्षतेखालीं चौकशी-समिति नेमली. तिनें १९५० सालीं दिलेल्या अहवालांत रोगाचें निदान स्पष्ट केलें: देशास जितक्या कंपन्या पोसतां येतील त्याहून अधिक कंपन्यांना परवाने दिले गेले होते. कंपन्यांनीं आपखुषीनें एकत्र यावें, आणि राष्ट्रीयीकरण तूर्त लांबणीवर टाकावें, असा समितीचा सल्ला होता. कंपन्या एकत्र आल्या नाहींत. शेवटीं १९५३ सालीं पार्लमेंटानें कायदा केला आणि १ ऑगस्ट १९५३ रोजीं आठ कंपन्यांचें ‘इंडियन एअरलाइन्स’ हें एक महामंडळ बनलें. महामंडळाच्या हातीं ९९ विमानें आलीं; त्यांत ७४ डाकोटा होते. सात वर्षांच्या खासगी उद्योगाचा आणि नव्या सरकारी उद्योगाचाही पाया म्हणजे सैन्यानें टाकून दिलेलें तेंच एक विमान होतें.

बंगलोरच्या कामगारांनीं याहूनही अवघड असें एक काम करून दाखविलें. ब्रिटिश वायुदळानें निघून जातांना कानपूरजवळ आपलीं लिबरेटर जातीचीं चार इंजिनांचीं बॉम्बफेकी विमानें जाणूनबुजून मोडतोड करून टाकलीं होतीं. अमेरिकेकडून उसनवार मिळालेला माल कोणाच्या उपयोगी पडूं नये, असा त्यांतील हेतु. १९४८ सालीं हिंदुस्थान एअरक्राफ्टच्या माणसांनीं त्यांतील चाळीसच्या आसपास विमानें उडण्यापुरतीं सांधलीं, आणि जमशेद मुनशी या वैमानिकानें तीं बंगलोरास आणलीं. तेथें त्यांची नीट दुरुस्ती होऊन तीं हिंदी वायुदळांत दाखल झालीं, आणि १९६८ पर्यंत सेवेंत राहिलीं. अमेरिकेंत त्यांचीं हजारों भावंडें केव्हांच भट्टींत गेलीं होतीं. म्हणून परदेशच्या संग्रहालयांनीं निवृत्तीनंतर हिंदुस्थानकडूनच लिबरेटर मागून नेले.

डाकोटांची निवृत्ति अशीच सावकाश झाली. १९५७ पासून व्हायकाउंट आणि १९६१ पासून फॉकर फ्रेंडशिप हीं नवीं विमानें मोठ्या मार्गांवर आलीं, तसतसे डाकोटा दूरच्या लहान तळांकडे, ईशान्येच्या डोंगरांत धान्य टाकण्याकडे आणि शेवटीं हँगरच्या कोपऱ्याकडे सरकले. वायुदळांत ते १९८० च्या दशकापर्यंत टिकले. १९४४ सालीं बांधलेला एक डाकोटा परदेशांत मोडींतून सोडवून, दुरुस्त करून २०१८ सालीं वायुदळास भेट देण्यांत आला. त्याचें नांव ‘परशुराम’, आणि त्याच्या अंगावर क्रमांक लिहिला आहे ‘व्हीपी ९०५’. काश्मीरच्या पहिल्या उड्डाणांतील डाकोटाचा तो क्रमांक होय.

युद्धाच्या शिलकीवर नवें राष्ट्र उभें राहतांना त्यास त्या शिलकीचे गुण आणि दोष दोन्ही पत्करावे लागतात, हें या इतिहासावरून दिसतें. डाकोटा नसते तर श्रीनगर, आसाम आणि निर्वासितांच्या छावण्या यांची कथा निराळी झाली असती. ते इतके स्वस्त नसते तर बुडालेल्या कंपन्यांची आणि कांहीं अपघातांचीही कथा कदाचित् निराळी झाली असती. परंतु ज्या कारागिरांनीं दुसऱ्यांनीं मोडलेलें यंत्र उकललें, समजून घेतलें आणि पुन्हां आकाशांत सोडलें, त्यांनीं मिळविलेली विद्या मात्र शिलकी नव्हती. ती बंगलोरच्या त्या कारखान्यांतच राहिली, आणि पुढें तेथेंच हिंदुस्थानांत आंखलेलीं विमानें बांधण्याच्या कामीं आली.